सायकलीचा चकती-ब्रेक

सुरतेच्या डिंडोलीहून एक भगिनी लिहितात: मुलगा जाड टायरांच्या जुन्या गिअर-सायकलीवरून पहाटे कामावर जातो. पुढचा चकती-ब्रेक लागत नाही. दुकानदार सबंध ब्रेक बदलावयास सांगतो, आणि पगारास तर अवकाश आहे.

भगिनी, घाई करू नये. तारेवर चालणाऱ्या अशा ब्रेकात झिजतात ते बहुधा आतले दोन लहान पॅड, व ते सुटे मिळतात. आकार नाना प्रकारचे असतात; म्हणून जुने पॅड दुकानात न्यावेत. तार गंजली असल्यास तीही बदलावी. नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ हून पातळ झाली असेल तरच नवी घ्यावी.

खरा वैरी तेल! साखळीला घालताना चकतीवर उडाले, की पॅड ते शोषून घेतात. चकती स्पिरिटने पुसता येते. तेल प्यालेले पॅड मात्र टाकावेतच. (आमच्याही घरी हा उद्योग झाला आहे.) नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या जागी वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू थांबावे, म्हणजे पकड येते.

तोवर केवळ मागच्या ब्रेकच्या भरवशावर चिरंजीवांना पुलाचा उतार उतरू देऊ नये. सायकल थांबविण्याचा मोठा भार पुढचाच ब्रेक उचलतो. चार दिवस पायी गेलेले बरे.