गेज जुळले, मने कधी जुळणार?

अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८पर्यंत मीटरगेज होता. हिंगोलीकडून आलेला माल पुढे मुंबई-नागपूर मार्गावर न्यायचा, तर अकोल्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवणे भाग पडे. इकडे रुळांतील अंतर एक मीटर, तिकडे १.६७६ मीटर. या फरकाचा भुर्दंड आपल्या जिल्ह्याने अनेक दशके सोसला. ती अडचण निदान खरी होती. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आज जी अडचण सांगितली जाते, ती शुद्ध सबब आहे.

कळमनुरीच्या विद्यार्थ्याने एका कंपनीच्या मोबाईलवरून पाठवलेला कागद हिंगोलीत दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर पोहोचायचा आहे. या दोन कंपन्यांची जाळी जिल्ह्यात कोठेही एकमेकांना भेटत नसतील, तर तो कागद मुंबईसारख्या महानगराची वारी करून शेजारच्या गावी येतो. एके काळी तर अशी देशांतर्गत वाहतूक परदेशाला वळसा घालून येत असे. तो वळसा टळावा म्हणूनच २००३ साली ‘निक्सी’ ही राष्ट्रीय विनिमय संस्था स्थापन झाली.

मग जिल्ह्यात असे विनिमय केंद्र का नको? उत्तर ठरलेले: मोबाईल, फायबर, तांब्याची तार, उपग्रह, तंत्रे निरनिराळी, ती जुळणार कशी? हे अज्ञान आहे की लबाडी, हे वाचकांनीच ठरवावे. १९९०च्या दशकात अमेरिकेतील विनिमय केंद्रांवर हा प्रश्न खराखुरा होता. कोठे एफडीडीआय, कोठे एटीएम. एटीएमची पेटी अवघ्या ५३ बाइटची, त्यात मालाला जागा ४८ बाइट. इथरनेटचा १५०० बाइटचा डबा तीत भरायचा, तर त्याचे ३२ तुकडे करावे लागत. अकोल्याची हमालीच म्हणा ना! तरीही तेथील अभियंत्यांनी ती जाळी जोडलीच, कारण वरची आयपी ही भाषा सर्वांची एकच होती. पुढे इथरनेट सर्वमान्य झाले आणि ती हमालीही संपली. आज प्रत्येक कंपनीने आपला राउटर आणावा, सामाईक स्विचला जोडावा. तिच्या ग्राहकाच्या घरी तार आहे की टॉवरची लहर, याच्याशी त्या स्विचला कर्तव्य नाही.

खरी गोम पैशात आहे. लहान सेवादात्याला समान पातळीवर जोडून घेतले, तर त्याला आपली वाट विकायची कशी? ‘निक्सी’चाही दोष झाकून चालणार नाही. जो माहिती मागवील त्याने पैसे मोजावेत, असा तिचा आरंभीचा नियम. गावोगावचे लहान सेवादाते देतात थोडे, मागवतात फार. तेव्हा भार त्यांच्यावरच पडला. दरम्यान जर्मनीची ‘डी-सिक्स’ मुंबईत आली आणि तिने आपला जम बसवला. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण रिकामी ठेवलेली जागा तिने घेतली.

हिंगोलीत पाहिली जाणारी बहुतेक माहिती, विशेषतः चित्रफिती, बाहेरूनच येते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण विनिमय केंद्र असेल, तर त्या माहितीच्या साठवणपेट्याही तेथेच ठेवता येतात आणि एकच चित्रफीत हजारदा मुंबईहून ओढावी लागत नाही.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या नोंदी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातील. त्याच जिल्ह्यात सेनगावचा निरोप वसमतला जाताना महानगराची वारी का करतो, हा प्रश्न आपल्या खासदारांना आणि केबलवाल्यालाही एकदा विचारा.