शिवेवरची वीज

‘शीव’ या शब्दाचा अर्थ सीमा. मुंबई बेट जेथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई, तेथले हे गाव. म्हणून त्याचे नाव शीव. पुढे बेटे जोडली गेली, भराव पडले, रेल्वे आली आणि ती जुनी सीमा नकाशावरून पुसली गेली. विजेच्या बाबतीत मात्र ती आजही शाबूत आहे. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत घरोघरी वीज पोहोचवण्याचे काम महापालिकेचा बेस्ट उपक्रम करतो. शीव कोळीवाड्याच्या गल्लीतला मीटर बेस्टचा असतो. रूळ ओलांडून चुनाभट्टीकडे गेले की बिलावरचे नाव बदलते. तेथे पूर्वी बीएसईएस होती, नंतर रिलायन्स आली आणि २०१८ पासून अदानींची कंपनी आहे. आणखी पुढे भांडुप-मुलुंडला महावितरणचे राज्य सुरू होते. याखेरीज टाटा कंपनीचे ग्राहक शहरभर विखुरलेले आहेत, ते वेगळेच. महापालिका एक, पण तिच्या हद्दीत वीज देणारे हात चार. या शहराने विजेचा वापर आटोक्यात आणावा आणि हवेत सोडला जाणारा कर्बवायू कमी करावा, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी या शिवेवर थोडा वेळ उभे राहून विचार करणे उपयुक्त ठरेल.

असे वाटणाऱ्यांत खुद्द महापालिकाही आहे. १३ मार्च २०२२ रोजी ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध झाला. जगातील मोठ्या शहरांच्या ‘सी-४०’ या संघटनेत मुंबई सामील झाल्यानंतर वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या भारतीय शाखेच्या साह्याने तो तयार करण्यात आला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, त्याआधी २०३० पर्यंत ते २०१९ च्या तुलनेत ३० टक्क्यांनी आणि २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी घटवावयाचे, असा त्याचा संकल्प आहे. २०१९ मध्ये मुंबईचे उत्सर्जन २ कोटी ३४ लक्ष टनांच्या घरात होते आणि त्यातील सुमारे ७२ टक्के वाटा इमारती व उद्योग यांतील ऊर्जावापराचा, म्हणजे मुख्यतः विजेचा होता. वाहतुकीचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास आणि कचऱ्याचा ८ टक्के. हवा, कचरा आणि बसगाड्या यांच्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते; पण आकडे सांगतात की खरी लढाई घराघरांतल्या, कचेऱ्यांतल्या आणि दुकानांतल्या बटणांपाशी लढावयाची आहे.

आराखडा जाहीर झाला त्या वेळेचा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत त्याच महिन्याच्या ७ तारखेस संपली होती. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य बदलू पाहणारा हा दस्तऐवज असा लोकप्रतिनिधींच्या चर्चेवाचून, प्रश्नोत्तरांवाचून, उपसूचनांवाचून अमलात येऊ लागला. प्रशासनाने काहीच केले नाही असे मात्र नव्हे. जून २०२४ मध्ये महापालिकेने आपला पहिला हवामानविषयक अर्थसंकल्प अहवाल मांडला आणि त्यात दहा हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद हवामानाशी निगडित कामांसाठी असल्याचे दाखवले. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण रुपयांचा हिशेब हा अर्धाच हिशेब होय. किती युनिटे वाचली, कोणत्या विभागात वाचली आणि ती कोणी वाचवली, हा उरलेला अर्धा हिशेब मांडल्याशिवाय आराखड्यातील टक्केवारीला पाय फुटणार नाहीत.

येथेच बेस्टचा प्रश्न येतो. भारतात स्वतःची वीज वितरण यंत्रणा असलेल्या महापालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने खाजगी कंपनीकडून वीज आणि ट्राम-बसचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. बेटावरच्या सुमारे साडेदहा लाख वीजग्राहकांची महिन्याची नोंद आज या उपक्रमाच्या दप्तरी आहे. कोणत्या गल्लीत उन्हाळ्यात विजेची मागणी चढते, कोणत्या इमारतीचा पंप अवाच्या सवा वीज खातो, कोणत्या शाळेत सुट्टीतही मीटर पळत असतो, हे शोधण्यासाठी परदेशी सल्लागार आणण्याची गरज नाही. ते बिलांतच लिहिलेले आहे. वातावरणाचा आराखडा आखणारे खाते आणि ही बिले छापणारे खाते ही दोन्ही एकाच महापालिकेची अपत्ये आहेत. भावंडांचे मात्र बोलणे-चालणे बेताचेच. काही वर्षे बेस्टच्या वीजग्राहकाच्या बिलातून बसगाड्यांचा तोटा वसूल करण्यात येत होता. पैसे गोळा करावयाचे असतात तेव्हा दोन खात्यांत उत्तम समन्वय होऊ शकतो, हे त्यातून निदान सिद्ध झाले.

समन्वय होत नाही याला केवळ आळस किंवा लालफीत कारणीभूत आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे खरे नाही. वीज विकणाऱ्या संस्थेला ‘वीज कमी विका’ असे सांगण्यातच एक अडचण आहे. तारा, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च ठरलेला असतो. विक्री घटली की तो उरलेल्या युनिटांवर पडतो आणि दर चढतो. वर्षानुवर्षे तोट्याने वाकलेल्या उपक्रमाने अशा वेळी काटकसरीचा प्रचार हिरिरीने करावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. तथापि दुसरी बाजूही आहे. बेस्ट स्वतः वीज तयार करीत नाही, ती विकत घेते. आणि मागणी शिगेला पोहोचते त्या तासांना घ्यावी लागणारी जादा वीज बहुधा सर्वांत महाग पडते. त्या तासांतली मागणी उतरली तर ग्राहकाबरोबर बेस्टचाही फायदा आहे. राज्य वीज नियामक आयोगाने मागणीच्या बाजूने वीज वाचवण्याच्या योजनांसाठी २०१० मध्येच नियम केले आणि त्यावरील खर्च दरात धरण्याची सोयही ठेवली. म्हणजे कायदा आड येत नाही. हे काम कोणाच्या टेबलावर ठेवावयाचे, एवढेच ठरलेले नाही.

शीव कोळीवाड्यातून हार्बर मार्ग जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली ती याच हद्दीतून. पुढे नव्वद वर्षे या मार्गावर १५०० व्होल्ट डीसी प्रवाह वापरला जात होता. २०१६ मध्ये तो बदलून २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आला आणि प्रवाशांच्या लक्षातही न येता विजेची गळती कमी झाली. रूळ, तारा आणि गाड्या एकाच मालकाच्या होत्या, म्हणून निर्णय एका टेबलावर झाला. शहराचे तसे नसते. शहरात समन्वय घडवून आणावा लागतो आणि तो घडवून आणणारी पायरी महापालिकेच्या मुख्यालयापेक्षा विभाग कार्यालयाची असावी, असे मानण्यास सबळ कारण आहे.

ते कारण कोळीवाड्यात उघड दिसते. येथे एकाच चौरस मैलात मुंबईच्या घरांचे सगळे नमुने आहेत. कोळी बांधवांची जुनी वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत आहे. कोळंबी तळण्याच्या एका पद्धतीला ‘कोळीवाडा’ हे नाव देशभर मिळवून दिले ते याच मंडळींच्या खानावळींनी. झोपड्या आहेत, म्हाडाच्या चाळवजा इमारती आहेत आणि प्रतीक्षानगरकडे उंच मनोरेही आहेत. या साऱ्यांना वीज बचतीचा एकच उपदेश करणे निरर्थक होय. पत्र्याच्या छपराखाली, पोटमाळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला विजेची उधळपट्टी करण्याची ऐपतच नसते. त्याच्या घरात एक-दोन पंखे, एक दूरदर्शन संच आणि एक शीतपेटी असते. पण तो जुना पंखा ७५ वॅट खातो. नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेऊन तेवढाच वारा देतो. मुंबईच्या हवेत पंखा दिवसाचे १६ तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे २६० युनिटे वाचतात. नव्या पंख्याची किंमत जवळजवळ दुप्पट असते, आणि ज्याचे बिल वाचावयाचे त्याच्याच खिशात एकरकमी पैसे नसतात. ती किंमत बेस्टने बिलातून हप्त्याहप्त्याने वसूल करण्यास हरकत कोणती? २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत एलईडी दिव्यांचे भाव घाऊक खरेदीने कसे उतरले, ते देशाने पाहिले आहे. छपरांना उन्हापासून वाचवणारा पांढरा लेप देणे हेही असेच काम आहे. ते वीज खात्याचे नाही, आरोग्य खात्याचे नाही, आणि घरमालकाला वाटते ते सरकारचे आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो गैरलागू नाही. ज्या भागात पावसाळ्यात गांधी मार्केटपाशी पाणी तुंबते, नळाला दाब नसतो, तेथील माणसाला कर्बवायूची चिंता कशाला? पण नळाचे पाणी आणि मीटर यांचे नाते त्याला कोणी सांगितले आहे काय? भातसाचे पाणी पिसे-पांजरापूर येथे पंपांनी उचलून मुंबईकडे येते. इमारतीपाशी आल्यावर ते तळटाकीत पडते आणि पुन्हा पंपाने गच्चीवर चढते. गळकी जलवाहिनी वीजही गळवते. हे जलखात्याला ठाऊक आहे, बेस्टलाही ठाऊक आहे. दोघांनी ते एकमेकांना सांगावे लागेल.

मात्र कोळीवाड्यातील सर्वांत निकडीचा प्रश्न पुढे उभ्या राहणाऱ्या इमारतींचा आहे. गुरू तेगबहादूर नगरातील निर्वासितांच्या २५ इमारती महापालिकेने धोकादायक ठरवल्या व त्या पाडण्यात आल्या. सुमारे १२०० कुटुंबे विखुरली गेली. या वसाहतीचा पुनर्विकास म्हाडामार्फत करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. अवतीभोवतीही जुने पाडून उंच बांधण्याची लाट आहे. चार मजल्यांच्या जिन्याला वीज लागत नाही. वीस मजल्यांच्या इमारतीला उद्वाहन लागते, पंप लागतो, जिन्यात व वाहनतळावर चोवीस तास दिवे लागतात, आग विझवण्याची यंत्रणा सज्ज ठेवावी लागते. घर फुकट मिळते. सामायिक मीटरचे बिल मिळत नाही. पुनर्वसनाच्या इमारतींत उद्वाहने बंद पडलेली आणि वृद्ध माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडलेली मुंबईने पुरेशी पाहिली आहेत. तेथे ऊर्जाबचत हा पर्यावरणाचा छंद राहत नाही. घर टिकणार की विकून कल्याण-बदलापूरला जावे लागणार, हे ती ठरवते.

भिंतीची जाडी, खिडकीची दिशा, वारा खेळण्याची सोय या गोष्टी एकदा चुकल्या की पन्नास वर्षे चुकलेल्याच राहतात. निवासी इमारतींसाठी केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये तयार केली आहे. ती लागू कोणी करावयाची? बांधकामाचा परवाना एरवी महापालिका देते, झोपडपट्टी योजनेत पुनर्वसन प्राधिकरण देते आणि म्हाडाच्या वसाहतीत म्हाडा देते. ऊर्जा संवर्धन कायद्याची राज्यातील अंमलबजावणी महाऊर्जाकडे आहे. परंतु परवाना कोणीही दिला तरी वीज जोडणीसाठी शीवपर्यंतच्या प्रत्येक बांधकामदाराला बेस्टच्या दारी यावे लागते आणि उपकेंद्रासाठी जागाही द्यावी लागते. हे एकच दार सर्वांना समान आहे. पंप कोणत्या प्रतीचा, गच्चीवर सौर तावदाने किती, सामायिक मीटरचा अंदाजे महिन्याचा खर्च किती, ही माहिती याच दारावर मागता येईल आणि ती भावी रहिवाशांच्या हाती देता येईल. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी गच्चीवर सौरवीज बसवल्यास केंद्राच्या २०२४ च्या योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये साह्य ठेवले गेले. हे साह्य बांधकामाच्या वेळीच मागितले तर तारा आणि आधार एकदाच बसतील.

दुसऱ्या शहरांनी याहून अवघड काही केलेले नाही. ठाणे महापालिकेने या शतकाच्या पहिल्याच दशकात नव्या इमारतींना सौर पाणीतापक सक्तीचे केले आणि मालमत्ता करात सवलत दिली. न्यूयॉर्कने २००९ मध्ये मोठ्या इमारतींना आपला वार्षिक ऊर्जावापर जाहीर करावयास लावले व दहा वर्षांनी त्यावर मर्यादा घातली. तोक्योच्या नगरशासनाने २०१० पासून मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनाला कमाल मर्यादा घातली. न्यूयॉर्कचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी मोजणी, मग सक्ती. मुंबईत २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी दिवे लागले, तेव्हा राणीच्या कंठहाराचे तेज गेले म्हणून केवढा गहजब झाला! त्या दिव्यांनी किती युनिटे वाचली, हे विचारणारे आवाज त्या गदारोळात ऐकू आले नाहीत.

मोजणीची सुरुवात महापालिकेने स्वतःच्या घरापासून करावी. शीव कोळीवाडा ज्या एफ-उत्तर विभागात येतो, तेथे पालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, शाळा आहेत, बाजार आहेत, उदंचन केंद्रे आहेत. या सर्वांचा वीजवापर दर तीन महिन्यांनी माटुंग्याच्या विभाग कार्यालयाच्या फलकावर लावण्यास कोणाची परवानगी हवी? त्याच कार्यालयात बेस्ट, जलखाते, इमारत व कारखाने खाते आणि म्हाडा यांचे अभियंते महिन्यातून एकदा एकत्र बसावेत आणि त्यांचे इतिवृत्त प्रभाग समितीपुढे यावे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. रस्ते, गटारे आणि फेरीवाले यांच्यावर ते बोलतीलच. गुरू तेगबहादूर नगरातील १२०० कुटुंबे नव्या इमारतींत परततील तेव्हा त्यांच्या सामायिक मीटरचे पहिले बिल किती रुपयांचे असेल, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी नकाशे मंजूर होण्याच्या आधी विचारला, तर त्याचे उत्तर देण्यासाठी महापालिकेला, म्हाडाला आणि बेस्टला निदान एकदा तरी एकाच टेबलाशी बसावे लागेल.