मुदत विद्यार्थ्याला, सवलत विद्यापीठाला

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वडनेर भोलजी हे गाव लागते. बुलढाणा जिल्ह्यातील या परिसरातल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या शिक्षणासाठी नांदुरा, मलकापूर किंवा खामगाव गाठावे लागते. त्यांचे विद्यापीठ मात्र तेथून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, अमरावतीला आहे. पदवीच्या संपूर्ण काळात विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवण्याची वेळ अशा विद्यार्थ्यावर आलीच, तर ती बहुधा ग्रंथालयासाठी किंवा एखाद्या व्याख्यानासाठी येत नाही. गुणपत्रिकेतील चूक, राखून ठेवलेला निकाल किंवा अडकलेले प्रमाणपत्र हेच त्या प्रवासाचे कारण असते. एका कागदासाठी एक दिवस आणि दोन वेळचे एसटीचे भाडे खर्ची पडते, आणि संबंधित कर्मचारी रजेवर असेल तर तो सारा खर्च पुन्हा करावा लागतो.

महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना विद्यापीठ भेटते ते असे. शिकवते महाविद्यालय, परीक्षा घेते विद्यापीठ, आणि चूक कोणाची हे ठरवण्यासाठी विद्यार्थ्याला दोघांच्या खिडक्यांमध्ये फिरावे लागते. संलग्नतेच्या या पद्धतीतील दोष जुना आहे. तो दूर करण्यासाठी आजवर विद्यापीठांचे विभाजन हाच मार्ग प्रामुख्याने अवलंबला गेला.

नकाशावरचे अंतर

१९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ दीर्घकाळ वऱ्हाडाचेही विद्यापीठ होते. मलकापूर परिसरातील नारवेल येथे जन्मलेले महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. वि. भि. कोलते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व आजचा वाशीम या भागांतील महाविद्यालये त्याच्याकडे आली. २००५ मध्ये त्याला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. पुढे याच विचाराने २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यापुरते, तर २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले.

विद्यापीठ लहान झाले की ते विद्यार्थ्याच्या जवळ येईल, ही अपेक्षा गैर नव्हती. परंतु नव्या विद्यापीठांनी जुन्यांचीच कार्यपद्धती उचलली. तेच परीक्षा अर्ज, तीच विलंब शुल्काची कोष्टके आणि तेच ‘प्राचार्यांमार्फत अर्ज करा’ हे उत्तर. नकाशावरचे अंतर कमी झाले, कार्यालयीन अंतर मात्र कायम राहिले.

शिकवणार कोण?

अध्यापनाची स्थिती याहून वेगळी नाही. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापक निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा वेळेवर भरल्या गेल्या नाहीत. मे २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. त्यानंतर २०१८ मध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली, पण ती प्रक्रियाही रखडतच पुढे सरकली. दरम्यान वर्ग चालू राहिले ते तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर. नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेला हा अध्यापक वर्षातले काही महिने तासांच्या हिशेबाने मानधन घेतो, पुढच्या सत्रात तो असेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसते. अशा स्थितीत विद्यार्थ्याने शंका विचारायची कोणाला आणि वर्षभरानंतर शिफारसपत्र मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतोच.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम अशी निवडीची मोठी यादी विद्यार्थ्यापुढे आली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात ही निवड काही अंशी खरी असते. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात एका विषयाला एकच अध्यापक आहे आणि तोही तासिकेवर, तेथे विद्यार्थी विषय निवडत नाही. जो शिकवला जातो तोच त्याची निवड ठरतो.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा

खरी कसोटी लागते ती परीक्षेनंतर. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांत जाहीर करावा, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यातही हेच बंधन होते. मुदत पाळता आली नाही तर विद्यापीठाने कारणांचा अहवाल कुलपतींना आणि शासनाला सादर करायचा असतो. ज्याचे नुकसान झाले त्या विद्यार्थ्याला या तरतुदीतून काहीही मिळत नाही. उलट त्यानेच परीक्षा अर्ज चार दिवस उशिरा भरला तर विलंब शुल्क ठरलेले असते. एकाच व्यवहारातील दोन पक्षांसाठी मुदतीचे दोन वेगळे अर्थ आहेत.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सरसकट संगणकाधारित मूल्यांकनाचा प्रयोग केला आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम कोलमडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. विधिमंडळात व न्यायालयात प्रश्न गाजला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. राजधानीतील विलंब असा राज्याचा प्रश्न बनतो. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याचा निकाल महिनोन्‌महिने राखून ठेवला गेला तर तो मात्र त्याचा खासगी प्रश्न ठरतो.

त्याची किंमत मात्र खासगी नसते. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करताना मागील वर्षाचे गुण भरावे लागतात. शिष्यवृत्ती अडली की शुल्क थकते आणि शुल्क थकले की पुढचा परीक्षा अर्ज अडण्याची भीती असते. पदव्युत्तर प्रवेश, बी.एड.ची फेरी किंवा भरतीतील कागदपत्र पडताळणी कोणासाठी थांबत नाही. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात मुलीचे एक वर्ष वाया गेले, तर पुढचे वर्ष तिला मिळेलच याची खात्री नसते.

तक्रारीची वाट

दाद मागण्याची सोय कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२, २०१९ आणि २०२३ असे तीनदा विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम काढले. २०२३ च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि तरीही समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. परंतु २०२४ मध्ये आयोगाला लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करावी लागली आणि त्यात देशभरातील शंभराहून अधिक विद्यापीठे होती. दुसरा मार्ग विद्यार्थी प्रतिनिधित्वाचा. खुल्या निवडणुकांची तरतूद २०१६ च्या कायद्याने परत आणली. २०१९ मध्ये त्या घेण्याची तयारी झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला, पण त्याचा उपयोग करण्याइतकी माहिती आणि चिकाटी किती जणांजवळ असते?

विद्यापीठांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. शेकडो महाविद्यालये, सत्र पद्धतीमुळे वाढलेल्या परीक्षा, अपुरे कर्मचारी आणि अंतर्गत गुण वेळेवर न पाठवणारी महाविद्यालये यांच्यातून त्यांना वाट काढावी लागते. म्हणूनच केवळ कर्मचाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. उशिराचा भार कोणी उचलायचा, हा नियमच बदलावा लागेल. निकाल ४५ दिवसांपलीकडे गेला तर पुढील अर्जाचे विलंब शुल्क आपोआप माफ व्हावे आणि पुनर्मूल्यांकनाचे शुल्क निम्मे व्हावे. प्रत्येक परीक्षेचा निकाल किती दिवसांत लागला, हे संकेतस्थळावर नोंदवले जावे. तक्रार महाविद्यालयातच स्वीकारून तिला क्रमांक असलेली पोच मिळावी आणि पुढचा पाठपुरावा महाविद्यालयाने करावा.

यातील एकाही उपायाला नवे विद्यापीठ किंवा नवी इमारत लागत नाही. देशातील उच्च शिक्षणात मागे असलेल्या ३७४ जिल्ह्यांच्या यादीत आयोगाने कधीकाळी बुलढाण्याचे नाव घातले होते. त्या यादीतून जिल्ह्याला बाहेर काढायचे असेल, तर वडनेर भोलजीच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी अमरावतीची एसटी पकडावी लागू नये, एवढी तरतूद आधी व्हायला हवी.