भुयारातील बंदूक आणि भुयारातील शाळा

गेल्या महिन्यात अभ्यासवर्गाच्या निमित्ताने एका स्नेही कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम होता. रात्रीची जेवणे आटोपली आणि त्यांच्या पुतण्याने, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका तरतरीत मुलाने, जाडजूड चष्म्यासारखे एक यंत्र माझ्यापुढे धरले. “काका, भांडवलशाहीच्या अंताविषयी तुम्ही नेहमी बोलता. हे डोळ्यांवर चढवा, मी तुम्हांला साऱ्या जगाचाच अंत दाखवतो,” तो हसत म्हणाला. त्याच्या थट्टेत मला एक आव्हान दिसले आणि मी ते स्वीकारले.

खेळाचे नाव ‘मेट्रो अवेकनिंग’. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आला. अणुयुद्धात पृथ्वी बेचिराख झाली आहे, मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत आश्रय घेतलेले काही हजार जीव तेवढे उरले आहेत, आणि त्यांच्यापैकी सेर्दार नावाचा एक डॉक्टर आपल्या हरवलेल्या पत्नीच्या शोधात निघाला आहे, असे त्याचे कथासूत्र. हेडसेट चढवताच समोरची भिंत, खिडकी, वहिनींची शिवणयंत्राची मेज, सारे नाहीसे होते. उरते ते भुयार. विजेरी मंदावली की तिचा दांडा आपल्याच हाताने फिरवून ती पुन्हा प्रज्वलित करावी लागते. विषारी हवेत मुखवटा स्वतः चेहऱ्याशी न्यावा लागतो, त्याची काच हाताने पुसावी लागते, फिल्टर संपला की बदलावा लागतो. पाठीवरच्या पिशवीतून काडतुसे काढून बंदुकीत भरायची, अंधारात चाहूल घ्यायची, आणि विद्रूप श्वापद किंवा सशस्त्र माणूस समोर आला की चाप ओढायचा. अर्ध्या तासानंतर यंत्र उतरवले तेव्हा माझे तळहात घामाने भिजले होते. खेळ उत्कृष्ट कारागिरीचा आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. निकृष्ट मालाचा प्रतिवाद सोपा असतो. येथे प्रश्न उत्कृष्ट मालाचा आहे.

“असे खेळ खेळून मुले खुनी होतात” ही नेहमीची ओरड मला येथे करावयाची नाही. तो कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि सिद्ध न झालेल्या गोष्टींवर नैतिक गर्जना करणे हा प्रतिगाम्यांचा उद्योग आहे. आपला आक्षेप निराळा आणि अधिक गंभीर असला पाहिजे. अंतकाळानंतरच्या जगण्याचे हे नेमबाजीचे खेळ माणसाच्या स्वभावाविषयी एक सिद्धान्त शिकवतात. समाजाचे कवच फुटले की आतून लांडगा बाहेर येतो. संकटात शेजारी हा प्रथम संशयित असतो. शेवटी प्रत्येकाचा आधार म्हणजे त्याची स्वतःची बंदूक आणि स्वतःची पिशवी, असा तो सिद्धान्त. बाजाराच्या अर्थशास्त्राने मांडलेला स्वार्थी, एकाकी, सतत हिशेबी माणूस तो हाच. केवळ त्याच्या अंगावर फाटका कोट आणि तोंडावर मुखवटा चढवला आहे. जग संपले तरी बाजाराचा माणूस संपत नाही, हे या खेळांचे तत्त्वज्ञान होय.

ज्या कादंबरीतून हे विश्व जन्मले तिच्या कर्त्यावर अन्याय होता कामा नये. दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाने ‘मेट्रो २०३३’ ही कादंबरी प्रथम आपली आपण इंटरनेटवर खुली केली आणि पुढे २००५ मध्ये ती छापली गेली. तिच्यातील भुयारी स्थानके म्हणजे परस्परांचे गळे धरणारी चिमुकली राज्ये आहेत: कोठे वर्तुळमार्गावरील व्यापाऱ्यांचा संघ, कोठे लाल मार्ग, कोठे नवे नाझी. त्या जगात बंदुकीची गोळी हेच चलनी नाणे आहे; जी गोळी झाडली ती पैशाच्या थैलीतूनही कमी झाली. या कल्पनेत आपल्या काळावरील जळजळीत उपहास आहे. युक्रेनवरील आक्रमणाविरुद्ध बोलल्याबद्दल या लेखकाला २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या अनुपस्थितीत आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. या नव्या खेळाची कथाही त्यानेच लिहिली आहे आणि तिच्यात शोक व प्रेम यांना स्थान आहे. लेखकाच्या सद्हेतूविषयी म्हणूनच शंका नाही.

परंतु लेखकाचा हेतू आणि वस्तूचा व्यापार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुस्तक वाचताना वाचक उपहास ओळखतो, पान मिटून विचार करतो. या यंत्रात मात्र विचाराला उसंत नाही, कारण शरीरच कामाला जुंपलेले असते. डोळा चाहूल घेतो, हात चाप ओढतो, आणि उपहास हा सराव होऊन बसतो. गोळीचे नाणे पाहून लेखकाला जी शिसारी आली, ती खेळणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला गोळ्या मोजण्याची चिंता तेवढी येते.

या मालाच्या मागे कोण उभे आहे हेही पाहिले पाहिजे. खेळ तयार करणारी व्हर्टिगो गेम्स ही नेदरलँड्समधील कंपनी स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाने २०२० मध्ये विकत घेतली. सौदी अरेबियाच्या सरकारी निधीतून चालणाऱ्या एका कंपनीने २०२२ मध्ये या समूहात सुमारे शंभर कोटी डॉलर गुंतवले. पुढे दोनशे कोटी डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला आणि जून २०२३ मध्ये समूहाने ‘पुनर्रचना’ जाहीर केली. पुनर्रचना म्हणजे काय हे गिरणगावाच्या वारसांना सांगण्याची आवश्यकता नाही. हजाराहून अधिक नोकऱ्या गेल्या, स्टुडिओ बंद पडले. करार मालकांचा फिसकटला. जगाच्या अंताचा अनुभव मात्र कामगारांना आला, आणि त्यासाठी त्यांना हेडसेट लावावा लागला नाही.

यंत्राची कथा याहून बोलकी आहे. पामर लकी या तरुणाने उभारलेली ऑक्युलस ही कंपनी फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलरला घेतली. आता मेटा म्हणवणाऱ्या त्याच कंपनीने या विभागात २०२४ या एका वर्षात १,७०० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला. इतका तोटा कोणी हौसेने सोसत नाही. ज्या यंत्राचे कॅमेरे आपल्या खोलीचा नकाशा घेतात आणि हाताची प्रत्येक हालचाल टिपतात, ते उद्या घराघरांत पोहोचावे यासाठीची ती पेरणी आहे. लकी यांनी पुढे २०१७ मध्ये अँड्युरिल ही शस्त्रास्त्रांची कंपनी काढली, आणि मे २०२५ मध्ये मेटा व अँड्युरिल यांनी अमेरिकी सैनिकांसाठी एकत्र हेडसेट बनवण्याचे जाहीर केले. खेळण्याचा कारखाना आणि तोफेचा कारखाना यांच्यामधली भिंत किती पातळ आहे! अमेरिकी लष्कराने तर २००२ पासून २०२२ पर्यंत सैन्यभरतीला पूरक म्हणून स्वतःचाच एक नेमबाजीचा खेळ चालवला होता.

आता मूळ सिद्धान्ताकडे वळू. भुयारात कोंडलेला माणूस खरोखरच लांडगा होतो काय? याचे उत्तर कल्पनेत शोधण्याचे कारण नाही, कारण माणसे भुयारी रेल्वेत खरोखरच राहिली आहेत.

लंडनवर १९४० मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला तेव्हा भुयारी स्थानके आश्रयासाठी उघडण्यास सरकार राजी नव्हते. सामान्य लोक तिकीट काढून खाली उतरले आणि वर येण्याचे त्यांनी नाकारले. त्याच सप्टेंबरात फिल पिराटिन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांना घेऊन सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलच्या सुरक्षित तळघरात रात्र काढली. सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे त्या स्थानकांतून झोपण्याच्या फळ्या आल्या, समित्या झाल्या, वाचनालये चालली. खुद्द मॉस्कोच्या मेट्रोत १९४१ च्या हवाई हल्ल्यांत लोकांनी आश्रय घेतला, आणि तेथे मुले जन्मास आली.

ही झाली जुनी उदाहरणे. खेळांतील मेट्रोचे हे विश्व प्रथम उभारणाऱ्या कारागिरांचे शहर कीव्ह. त्या शहरावर २४ फेब्रुवारी २०२२ पासून खरे बॉम्ब पडू लागले आणि तेथील माणसे खऱ्या मेट्रोत उतरली. खार्कीव्हमध्ये तर फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत हजारो लोक फलाटांवर आणि उभ्या डब्यांतून राहिले. त्यांनी तेथे काय केले? अंथरुणे वाटून घेतली, अन्न शिजवून पोहोचवले, म्हाताऱ्यांची औषधे मिळवली, मुलांना शिकवले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच खार्कीव्हच्या भुयारी स्थानकांत नगरपालिकेने शाळेचे वर्ग उघडले. कल्पनेतल्या भुयारात गोळी हे नाणे झाले. खऱ्या भुयारात खडू आणि फळा आला. यापुढे आणखी काय पुरावा हवा?

आपल्या अनुभवाची साक्षही हीच आहे. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा रेल्वेचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची भरलेली गाडी वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता बाहेर काढली आणि स्वतः मात्र स्थानकावरच राहिले. त्यांच्याजवळ मुखवटाही नव्हता. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरे कोसळली तेव्हा ढिगारे उपसण्यास प्रथम धावले ते शेजारी. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्या रात्री चाळींनी व झोपडपट्ट्यांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. त्या वेळी रस्त्यावर असलेले कित्येक वाचक आजही हयात आहेत, त्यांनीच सांगावे.

संकटात कोणी साठेबाजी करत नाही असे मी म्हणत नाही. परंतु ती कोण करतो, तेही पाहिले पाहिजे. दार बंद करणारे हात बहुधा वरच्या मजल्यावरचे असतात. खालच्या मजल्यावर भाकरी वाटली जाते. कष्टकऱ्यांचा हा इतिहास पुसून त्याजागी एकट्या बंदूकधाऱ्याचे चित्र बसवणे हे राजकारण आहे, मग ते करणाऱ्यास त्याची जाणीव असो वा नसो. शेजाऱ्याकडे लांडगा म्हणून पाहण्यास शिकलेला तरुण संघटनेत येईल कसा? आणि आला तरी टिकेल कसा?

मग करावे काय? बंदीची मागणी आपण करू नये. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळाला आठवड्यात तीन तासांची मर्यादा घातली. हुकुमाने घड्याळ थांबते, मन बदलत नाही. मुलांची टवाळी तर मुळीच करू नये. दिवसभर नोकरीचे अर्ज पाठवून थकलेला तरुण जर अशा भुयारात उतरत असेल, तर बाहेरच्या जगाने त्याला काय दिले हा प्रश्न आधी आपल्याला विचारला पाहिजे. हे खेळ घडवणारे कलावंत आणि तंत्रज्ञ हेही आपलेच कामगार बंधुभगिनी आहेत. अमेरिकेत झेनिमॅक्सच्या सुमारे तीनशे कामगारांनी जानेवारी २०२३ मध्ये संघटना उभी करून मालकाकडून ती मान्य करवून घेतली. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांनी २०१९ मध्ये आपले हेडसेट लष्कराला देण्यास उघड विरोध नोंदवला. या हालचालींची माहिती आपल्या अभ्यासवर्गांतून दिली गेली पाहिजे.

आणि मुख्य म्हणजे, खऱ्या संकटात एकत्र उभे राहण्याचा अनुभव तरुणांना मिळाला पाहिजे. पूर, दुष्काळ, आग यांची वानवा आपल्याकडे नाही. प्रत्येक शाखेने आपत्तीच्या वेळी धावून जाणारे एक पथक उभारावे, आणि त्यात या खेळांत रमणाऱ्या मुलांनाच प्रथम बोलवावे. अंधारात वाट काढण्याची त्यांना हौस आहे. ती वाट दुसऱ्यासाठी काढता येते हे त्यांना अजून कोणी दाखवले नाही.

त्या रात्री यंत्र परत करताना मी त्या मुलाला खार्कीव्हच्या शाळेविषयी सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “काका, हे खेळात का नाही?” हा प्रश्न त्याने खेळ बनवणाऱ्यांना जरूर विचारावा. मात्र आपणही तो स्वतःला विचारला पाहिजे: हे आपल्या सभांतून, आपल्या वर्गांतून, आपल्या मुलांच्या कानांवर आजवर का गेले नाही?