आऱ्या कुठे जाणार?

सध्या आमच्या सोसायटीत पाण्यावर भुईमूग लावायची साथ आली आहे. भाजलेले नव्हेत, सालीसकट कच्चे दाणे रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात मोड आणायचे आणि जाळीच्या कपात ठेवून मुळं खतपाण्यात सोडायची. बाटलीला बाहेरून काळा कागद लावायचा, नाहीतर पाण्यात शेवाळ धरतं. मुळांना हवा लागते, म्हणून फिशटँकचा छोटा पंप. इथवर सगळं सोपं. रोप देखणं होतं. चार-चार पानांच्या त्या जोड्या रात्री मिटतात, सकाळी उघडतात. महिन्याभरात पिवळी फुलं येतात, पहाटे उमलतात आणि त्याच दिवशी कोमेजतात. लोक फोटो काढतात आणि शेंगांची वाट बघत बसतात.

शेंगा येत नाहीत. कारण या झाडाचा फळण्याचा रिवाजच निराळा. फलन झालं की फुलाच्या बुडाशी एक दोरा फुटतो आणि खाली वळतो. शेतकरी याला आरी म्हणतात. बीजांड तिच्या टोकाशी असतं. आरी मातीत शिरते, अंधार मिळतो, मग कुठे टोक आडवं होऊन फुगायला लागतं. उजेडात, हवेत लोंबकळत राहिली तर बिचारी वाळून जाते. म्हणून तर आऱ्या सुटल्या की शेतात खुरपणी थांबवतात, मातीची भर देतात, काहीजण पिकावरून रिकामा ड्रम लोळवतात. बाटलीवाल्यांनी मुळांची चोख सोय केलेली असते; आऱ्यांचा विचार कुणी केलेलाच नसतो.

त्यातही एक खोच आहे. शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं पोचत नाही. पाणी ओढलं जातं ते पानांतून बाष्प उडतं म्हणून, आणि कॅल्शियम त्या पाण्याबरोबर वर जातं. जमिनीखालच्या शेंगेतून बाष्प उडत नाही, तेव्हा ती आपलं कॅल्शियम टरफलातूनच शोषून घेते. आऱ्या सुटताना शेतात जिप्सम टाकतात ते याचसाठी. ते कमी पडलं की शेंगा पोचट. म्हणजे खाली कितीही भारी खतपाणी असो, वर ओल्या कोकोपीटचा निराळा ट्रे हवा, त्यात चिमूटभर जिप्सम हवं आणि आऱ्यांना वाट हवी.

हे काही घरगुती खूळ नाही. अमेरिकेतल्या टस्कीगी विद्यापीठात नासासाठी, अंतराळात पिकवता यावीत म्हणून, रताळी आणि भुईमूग मातीविना वाढवण्यावर काम झालं आहे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्यांना टस्कीगी नवं नाही. कार्व्हर तिथेच शिकवत आणि भुईमुगाने कापसाच्या दमलेल्या जमिनी सुधारतात हे सांगत, कारण याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात. गंमत म्हणजे पाण्यात आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरायचा आळस करतं.

एवढं करून एका रोपाच्या शेंगा किती? कुटाला पुरणार नाहीत. त्यासाठी वाण्याकडेच जावं. पण आरी खाली उतरताना घरबसल्या दिसते, हे शेतात वाकूनही सहज दिसत नाही. एवढ्यासाठी मी या उद्योगाच्या बाजूने आहे. घरात लहान मूल असेल तर एक काचेचा ट्रे घ्या आणि बाहेरून काळं फडकं लावा, म्हणजे क्षणभर उचलून आत बघता येईल.

साडेतीन महिने झाले की एक शेंग फोडून पाहा. टरफलाची आतली बाजू काळपट पडली असेल तर झाड उपटा आणि शेंगा मीठ घालून उकडा. पांढरीच असेल तर अजून आठ दिवस कळ काढा.