हात काळे करायला शिका!

आइंडहोवनच्या परिसरातल्या मराठी माणसाला 'आपण काय करता?' असे विचारले, तर बहुतेक वेळा 'इंजिनियर' हेच उत्तर येते. त्याच माणसाला विचारा, 'तुमची गाडी सिग्नलला का बंद पडते?' उत्तर येते, 'गॅरेजला टाकलीय. बघतील ते.' माझे भांडण या 'बघतील ते'शी आहे.

न्यूनेनहून वेल्डहोवनला कामावर जायचे म्हणजे आइंडहोवन ओलांडून पलीकडे जायचे. वाटेत सिग्नलच सिग्नल. नव्याने आलेली मंडळी पहिली गाडी बहुधा जुनी घेतात, आणि अशा गाडीला एक ठरलेले दुखणे जडते. धावते छान, पण थांबली की अंगात आल्यासारखी थरथरते, काटा वरखाली नाचतो, कधी इंजिन बंदच पडते. यात संशयित ठरतो तो आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह.

याचे काम सोपे आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. तरी इंजिनाला जिवंत राहण्यापुरती हवा लागतेच. ती देण्यासाठी झडपेला वळसा घालणारी एक छोटी वाट असते आणि त्या वाटेवर हा व्हॉल्व्ह पहारा करतो. इंजिन थंड असले, एसी लावला किंवा स्टिअरिंग वळवले, की काँप्युटरच्या हुकमाने तो वाट थोडी जास्त उघडतो. मग इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ७०० ते ९०० च्या आसपास स्थिर राहतात. इंजिनातली तेलकट वाफ आणि काजळी त्या वाटेत साचली की व्हॉल्व्ह अडकतो. म्हणजे तो पुष्कळदा बिघडलेला नसतो, नुसता मळलेला असतो.

आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहा. युरोपात २००१ पासून विकल्या गेलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांत दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. मेकॅनिक तिला आपले यंत्र जोडतो आणि कोड वाचतो. पी०५०५ म्हणजे आयडलच्या यंत्रणेत बिघाड, पी०५०६ म्हणजे फेऱ्या अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. कोड आला की नवा व्हॉल्व्ह मागवायचा, बसवायचा आणि बिल द्यायचे. पण कोड सांगतो ते लक्षण. ताप आला हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड हे डॉक्टरने शोधायचे असते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असाच नवा व्हॉल्व्ह बसवून घेतला. आठ दिवसांत गाडी पुन्हा सिग्नलला बंद. मग दुसऱ्या मेकॅनिकने टॉर्च घेऊन पाहिले, तर इंटेक मॅनिफोल्डवरची रबराची नळी बोटभर चिरलेली. हवा तिथून आत शिरत होती. नळी किरकोळ किमतीची, व्हॉल्व्हचे बिल चांगले भरभक्कम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या कुटुंबातले नवराबायको दोघेही इंजिनियर! 'व्हॉल्व्हच बिघडलाय हे तपासलं कसं?' हा एक प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारला नव्हता.

तपासाचा क्रम काही गुप्त विद्या नाही. आधी नळ्या पाहाव्यात. हवेचा फुसफुस आवाज येतो का ते ऐकावे. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधण्याचे साधन असते, ते वापरायला सांगावे. मग थ्रॉटलच्या कडेची काजळी पाहावी. मग मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना व्हॉल्व्हचा प्लग काढला की फेऱ्या लगेच बदलतात. तशा बदलल्या, तर व्हॉल्व्ह निदान हलतो तरी आहे. नंतर थंड इंजिनावर तो काढून थ्रॉटल क्लीनरने धुवावा. आतला दांडा मात्र बोटाने ढकलू नये. नवे गॅस्केट घालून बसवावा आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काँप्युटरला आयडल पुन्हा शिकवावे. एवढे करूनही दोष राहिला आणि मोजमापात व्हॉल्व्हच नापास झाला, तर खुशाल नवा घ्यावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हॉलंडमध्ये मजुरी महाग. तासभर शोधत बसण्यापेक्षा भाग बदलणे मेकॅनिकला परवडते. सगळे मेकॅनिक लुच्चे असतात असे मी म्हणत नाही. उत्तम, प्रामाणिक कारागीर इथे पुष्कळ आहेत. पण चुकीचा भाग बदलला तर मजुरी दोनदा भरावी लागते, आणि ती भरतो गिऱ्हाईक. शोधण्याचे पैसे द्यायला आपली तयारी हवी. 'आधी दोष सिद्ध करा, खर्चाचा लेखी अंदाज द्या, काढलेला भाग मला दाखवा,' असे सांगायची जीभही हवी.

दुसरा आक्षेप असा की, आता नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह असतोच कुठे? खरे आहे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आल्यापासून झडपच मोटरने हलते आणि आयडलही तीच सांभाळते. पण काजळी तिच्यावरही बसते, नळ्या तिच्याही चिरतात, आणि तिथे बदलला जाणारा भाग आणखी महाग असतो. विजेच्या गाडीत आयडलच नाही; तरी उद्या तिच्यातही काही बिघडेलच, आणि आपण पुन्हा 'बघतील ते' म्हणून किल्ली देऊन मोकळे होऊ.

खरे दुखणे गाडीत नाही, आपल्या संस्कारात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. त्यांच्या कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून कानाने 'स्लो' लावणारे मिस्त्री आपण पाहिले आहेत. मोजायला यंत्र नव्हते, पण ऐकायला कान होते. त्या मिस्त्रीला आपण कधी 'अहो' म्हटले? आपल्या घरात मुलाला 'अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात पाने फिरवशील' अशी धमकी देतात. लेखणी धरणारा हात वरचा आणि पाना धरणारा खालचा, ही उतरंड सामानाबरोबर विमानातून आपण इथवर आणली. किर्लोस्करांचा अभिमान मात्र आपल्याला दांडगा! त्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानाने. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी त्यानंतरची.

आणि आपण राहतो कुठे, तर न्यूनेनमध्ये! व्हिन्सेंट व्हॅन गॉग इथे १८८३ च्या डिसेंबरात आला आणि १८८५ मध्ये त्याने इथेच 'बटाटे खाणारे' हे चित्र काढले. पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने त्याच्या खुणा दाखवतो. त्या चित्रातले हात पाहा: राठ, गाठाळ, मातीच्या रंगाचे. ही माणसे आपल्या हातांनी राबून खातात, हे चित्रातून कळावे, अशा अर्थाचे त्याने भावाला लिहिले होते. त्या हातांसमोर उभे राहून आपण फोटो काढतो आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीचे बॉनेट कुठून उघडते ते आठवत बसतो.

हॉलंडकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे. मार्टिना पोस्टमा यांनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकाराशेजारी बसा आणि मिळून दुरुस्त करा, एवढीच कल्पना. ती पुढे देशोदेशी पसरली. आपल्या मंडळात गणपती होतो, दिवाळी होते, नाटक होते, आणि व्हावेच. पण वर्षातून एक शनिवार पाच-सहा गाड्यांची बॉनेटे उघडून उभे राहायला काय हरकत आहे? एक मल्टिमीटर, एक कोड वाचणारे यंत्र, क्लीनरचा एक डबा, जुन्या चिंध्या आणि एखादा जाणता मेकॅनिक, त्याला मानधन देऊन. मुलांना आणा, मुलींना आधी आणा. चहा-पोह्यांची व्यवस्था आपली मंडळी करतीलच. पोहे खाण्याआधी हात मात्र साबणाने दोनदा धुवावे लागतील.