ॲपवर ३४०, मीटरवर २०७: मुंबईत टॅक्सीचं भाडं नेमकं कोण ठरवतं?

आसनगाव स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसलं की शहापूरपर्यंतचं भाडं कोणी विचारत नाही. सीटचा दर ठरलेला असतो, गाडी भरली की निघते. मुरबाडकरांचंही तसंच. तिथे अजून रेल्वे नाही, त्यामुळे कल्याण गाठायला एसटी नाहीतर काळी-पिवळी. दोन्हीकडे हिशोब माणशी.

दादरला उतरलं की हा हिशोब बदलतो. तिथे तुम्ही सीट नाही, अख्खी गाडी घेता. एकटे बसा किंवा तिघं बसा, मीटर तेवढाच पडतो. शिवाय हातात मोबाईल असतो आणि त्यावरचं ॲप तिसराच आकडा दाखवतं. पहाटेच्या लोकलने केईएमला किंवा टाटाला पेशंट घेऊन निघालेल्या, खिशात मोजून पाचशे रुपये असलेल्या माणसाला यातला खरा आकडा कोणता हे कळलंच पाहिजे.

आधी मीटर, कारण तो सोपा आहे

मुंबई महानगर क्षेत्रात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं आणि रिक्षाचं भाडं मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेले दर असे: टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. रिक्षाला २६ रुपये आणि पुढे १७.१४. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मध्ये यावर २५ टक्के जादा. निळी-सिल्व्हर ‘कूल कॅब’ वेगळी आणि महाग आहे, पहिल्या टप्प्यालाच ४८ रुपये. एसी आहे म्हणून घाईत तिच्यात बसाल आणि नंतर मीटरकडे बघत बसाल.

दादर ते केईएम साधारण अडीच किलोमीटर. म्हणजे ३१ अधिक २०.६६, झाले ५२ रुपये. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की मीटर वेळेचेही पैसे जोडतो, म्हणून ६०-६५ झाले तर ओरडू नका. पण स्टेशनबाहेर कोणी ‘दोनशे द्या, सोडतो’ म्हणालं, तर तो दर नाही, मागणी आहे. (पेशंट चालू शकत असेल तर दादरला धीमी लोकल पकडून परळला उतरा, टॅक्सीच लागणार नाही.)

दादरला रिक्षा शोधत फिरू नका. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही.

ॲपचा आकडा कसा बनतो

मीटर आधी दर सांगतो आणि रक्कम शेवटी. ॲप उलटं करतं: रक्कम आधी सांगतं, दर सांगतच नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

ॲपच्या रकमेत मूळ भाडं असतं, अंतराचे आणि वेळेचे पैसे असतात, ५ टक्के जीएसटी असतो. (रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या काळ्या-पिवळीला हा कर लागत नाही.) आणि वर ‘सर्ज’. त्या भागात गाड्या मागणारे जास्त आणि मोकळे चालक कमी झाले की सॉफ्टवेअर भाव चढवतं. पावसात कुर्ल्याला पाणी भरून सेंट्रल लाइन ठप्प झाली, की हजारो लोक एकाच वेळी ॲप उघडतात. म्हणजे आपल्याला गाडीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच ती सगळ्यात महाग असते. कंपन्या म्हणतात, भाव वाढला म्हणूनच चालक त्या भागात येतात. यात तथ्य आहे. पण रस्ताच पाण्याखाली असेल तर कितीही भाव चढवा, चालक येणार कुठून?

म्हणून सर्जला सरकारने छप्पर घातलं. मे २०२५ मधल्या महाराष्ट्राच्या धोरणात मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच सर्ज आणि जास्तीत जास्त २५ टक्के सूट, अशी चौकट आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये नवे दिशानिर्देश काढून दुपटीपर्यंत मुभा दिली. आपल्याकडे दीडपट.

आता प्रश्न येतो: दीडपट कशाची? मूळ दरच माहीत नसेल तर दीडपटीला काही अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या ॲप टॅक्सीचालकांनी याच मुद्द्यावर संप केला. हातात पडणारे पैसे परवडत नाहीत आणि काळ्या-पिवळीइतका तरी दर द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याच सुमारास काही चालक ‘ओन्लीमीटर’ नावाच्या वेबसाइटवर हिशोब करून तेवढे पैसे मागू लागले. ग्राहकाच्या स्क्रीनवर एक आकडा आणि चालकाच्या स्क्रीनवर दुसरा. गाडीत बसलेल्या माणसाने कोणाचं ऐकायचं? शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये ॲप टॅक्सीसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये हा दर जाहीर झाला.

हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ काम होतं. दहा किलोमीटरचा प्रवास धरा. ॲपचं मूळ भाडं होतं २२७. पूर्ण सूट मिळाली तर १७०, पूर्ण सर्ज लागला तर साधारण ३४०. तेवढ्याच अंतराला मोकळ्या रस्त्यावर काळी-पिवळी २०७ घेते, मध्यरात्रीनंतर २५८. म्हणजे ॲप कधी स्वस्त तर कधी महाग. ‘ॲप परवडतं’ हा सरसकट सल्ला चुकीचा आहे. बुक करण्याआधी नकाशावर अंतर बघा आणि रकमेला त्याने भागा. किलोमीटरला ३४ रुपयांच्या वर गेलं आणि टोल-कर काढूनही वरच राहिलं, तर दीडपट ओलांडली. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा. अगदी जवळच्या प्रवासाला मात्र हा भागाकार चालत नाही, कारण किमान भाडं आडवं येतं.

माझं मत विचाराल तर, किलोमीटरचा दर आणि सर्ज किती पट, हे दोन आकडे ॲपने बुकिंगच्या बटणाच्या वर वेगळे दाखवायला हवेत. तसं दिसत नाही तोवर दीडपटीचा नियम सामान्य माणसाच्या हातात पोचत नाही.

अजून दोन जागा सांभाळा. गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच ‘टिप’ टाका असं काही ॲप सुचवतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावरून उबरला नोटीस काढली होती. टिप प्रवासानंतर द्यायची असते, आधी दिली तर तो बोलीचा भाव झाला. आणि आयफोनला वेगळा भाव, अँड्रॉइडला वेगळा, या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबर दोघांना नोटीस गेली. कंपन्यांनी ते नाकारलं. सोबत दोघं-तिघं असाल तर दोन फोनवर, दोन ॲपवर भाव बघा. वीस सेकंदांचं काम आहे.

चालकाने स्वीकारलेली राइड रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी रक्कम तुम्हाला मिळावी, असं राज्याचं धोरण सांगतं. तुम्ही रद्द केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये, जे कमी ते, तुमच्याकडून चालकाला. ‘तुम्हीच कॅन्सल करा’ असं चालक फोनवर का सांगतो, ते यावरून कळेल. करू नका.

परतीचा प्रवास

शेवटची कसारा लोकल गेली की मुंबईतून किंवा कल्याणहून गाडी करून घरी यायची वेळ येते. तेव्हा आसनगाव किंवा मुरबाड टाकलं की ॲप बऱ्याचदा फिरतच राहतं किंवा ‘आउटस्टेशन’चं भाडं दाखवतं. हा सर्ज नाही. इकडून रात्री उलटं भाडं मिळणार नाही, रिकामी गाडी न्यावी लागणार, याचे पैसे चालक धरतो. शहापूर आणि मुरबाड तालुके महानगर क्षेत्राच्या हद्दीबाहेर आहेत, तेव्हा मीटरचा आग्रहही इथे फारसा टिकत नाही. बोलून ठरवा, टोलसकट ठरवा, आणि त्याच दिशेचे आणखी दोघं मिळाले तर गाडी वाटून घ्या.

टोलचं मात्र पक्कं लक्षात असू द्या. नाशिक महामार्गावर पडघ्याचा टोल आहे, तो मागितला तर द्यावा लागेल. सी-लिंकने किंवा अटल सेतूने गाडी नेली तर कारला एकेरी १०० आणि २५० रुपये पडतात, म्हणून त्या रस्त्याला हो म्हणण्याआधी विचार करा. पण मुलुंडसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. हिशोबात ‘मुलुंड नाका’ असं कोणी धरलं, तर तेवढे पैसे कापूनच द्या.